पोस्टिंगच्या अर्जाबद्दल सूनबाईस पत्र

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नवऱ्याला फील्डवरून घराजवळ पोस्टिंग मिळावं म्हणून तू पाठवलेला कच्चा अर्ज मिळाला. अक्षर सुरेख आहे, भाषाही चांगली आहे, आणि हा अर्ज असाच गेला तर नामंजूर होऊन परत येईल. वाईट वाटून घेऊ नकोस. त्यातलं बहुतेक सगळं खरं आहे, आपल्याच भावकीतलं घर आहे, मला कोणी सांगायला नको. पण अर्ज वाचणारे सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, आपल्या भावकीतले नाहीत. ते अरुणाचलात कुठल्या तरी उंचीवर बुखारीशेजारी बसून, त्या दिवशीच्या ढीगभर कागदांतला एक कागद म्हणून तुझा अर्ज वाचणार.

तीन पानांत तू काय काय घातलंस बघ. पोरीला ऐकू येत नाही. सासूबाईंची डावी बाजू गेली. चुलत सासऱ्यांनी बांध कोरला. विहिरीच्या पाण्याची पाळी मिळत नाही. थोरल्याचं शाळेत लक्ष नाही. पत्रे गळतात. आणि शेवटी, 'घरात दुसरे कोणीही नाही, तरी मायबाप सरकारने दया करावी.' वाचणाऱ्याला पहिल्या पानावर कळवळा येतो आणि तिसऱ्या पानापर्यंत त्याला वाटायला लागतं की या माणसाला काहीही करून गावाकडे यायचं आहे. पोरीचा कान आणि गळका पत्रा एका ओळीत आले की पोरीच्या कानाचं वजन कमी होतं.

मी पलटणीच्या ऑफिसात आणि पुढे बेळगावला रेकॉर्डमध्ये, म्हणजे जवानांच्या नोंदी आणि पोस्टिंग बघणाऱ्या ऑफिसात, कारकुनी केली. असे अर्ज पुष्कळ हातांखालून गेले. त्यावरून सांगतो, दुःख किती मोठं आहे यावर पोस्टिंग मिळत नाही. दुःख सगळ्यांच्याच घरी आहे. तुझा नवरा तिथून हलला तर नेमकं काय सुटतं, ते कोणत्या गावी सुटतं आणि किती काळात सुटतं, हे ज्या अर्जात दिसतं तो अर्ज पुढे सरकतो.

साहेब लोक दगडाच्या काळजाचे असतात असं समजू नकोस. इन्फन्ट्री बटालियन म्हणजे आठशेच्या आसपास माणसं, तीही कागदावर. त्यातून रजेवरचे, कोर्सवरचे, बढतीच्या केडरवरचे, हॉस्पिटलातले, ईआरईवर म्हणजे पलटणीबाहेरच्या नेमणुकीवर गेलेले वजा कर. उरलेल्यांनी पोस्ट सांभाळायच्या. एक नाईक कमी झाला की त्याच्या सेक्शनमधल्या कुणाची तरी रात्रीची संत्री ड्युटी वाढते, आणि त्याच्याही घरी म्हातारी आई असतेच. सीओ 'रेकमेंडेड' लिहितो तेव्हा तो तुझ्या घरचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर देत असतो. त्याला तसं करायला पटण्यासारखं कारण हवं.

हक्काची भाषाही अर्जात नको. तुझ्या भावाने फोनवर 'कोर्टात जाऊ' म्हटलं म्हणे. त्याला समजावून सांग. सैनिकांच्या तक्रारींसाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, पण ज्या २००७ च्या कायद्याने ते आलं त्यानेच बदली आणि पोस्टिंग त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. उरतं उच्च न्यायालय. आणि सैन्यातल्या बदल्यांमध्ये न्यायालयांनी फार जपून हात घालावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या एका मेजर जनरलच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. तसंच, दिव्यांग मूल सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांना नेहमीच्या बदल्यांतून सूट देणारं एक परिपत्रक २०१४ पासून आहे. ते कोणीतरी तुला व्हॉट्सॲपवर पाठवेलच. ते नागरी नोकरांसाठी आहे, वर्दीवाल्याने त्याच्या भरवशावर राहू नये.

आता तुझ्या अर्जातल्या सगळ्यात धोक्याच्या वाक्याकडे येतो. 'घरात दुसरे कोणीही नाही.' धाकटा दीर वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तू सहज लिहून गेलीस, रागाने लिहिलंस, कसंही असो, पण हे वाक्य पडताळणीत उघडं पडेल आणि मग पोरीच्या कानाच्या तपासणीचा कागद, तो ऑडिओग्रामही, खोटा वाटायला लागेल.

पडताळणी कशी होते ते सांगतो. अर्ज पलटणीतून निघाला की घरची परिस्थिती खरी आहे का हे विचारणारं पत्र आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला येतं. तिथले कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिकच असतात. ते घरी येतात. बरेचदा तलाठी, पोलीस पाटील, सरपंच यांनाही विचारलं जातं. संघटक अंगणात बसून चहा पितात, सासूबाईंशी दोन शब्द बोलतात आणि जाताना शेजारच्या घरी पाणी मागतात. शेजारी काय सांगतात ते अहवालात येतं. म्हणून दिराचं नाव अर्जात तूच लिही. वाशीला असतो, हजेरीवर काम आहे, दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर राहतो, महिन्याला आईच्या औषधाला पैसे पाठवतो, पण पक्षाघाताच्या माणसाला तिथे नेऊन ठेवणं शक्य नाही. एवढं लिहिलंस की तोच दीर तुझ्या बाजूचा पुरावा होतो. त्याच्याकडून तसं साध्या कागदावर लिहून घे, खाली सही आणि मोबाइल नंबर.

तुम्ही दोघांनी साताऱ्याला एनसीसीत पोस्टिंग मागायचं ठरवलंय. कारण उघड आहे, घर जवळ, शेत जवळ, बांधावर लक्ष राहील. मला हे पटत नाही. पोरीचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात मशीन बसवायचं ऑपरेशन, पुण्यात व्हायचंय. ऑपरेशन हा त्यातला सगळ्यात छोटा भाग, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं असेलच. पुढे मशीन चालू करायचं, मग ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यायचं, त्याला मॅपिंग म्हणतात, आणि आठवड्यातून दोनदा थेरपी. घरी रोजचा अभ्यास वेगळाच. बोलणं शिकण्याचं वय फार थांबत नाही, तीन वर्षांच्या पोरीचा एक महिनासुद्धा महागाचा. आपल्या माण तालुक्यातून पुण्याला एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. तुझा नवरा साताऱ्याला आला तरी पोरगी तिथेच राहणार आणि पुण्याची एसटी तुलाच धरावी लागणार. मग साताऱ्याने सुटलं काय? बांध. आणि बांधासाठी फौज कुणाला पोस्टिंग देत नाही.

पुणे माग. पुणे, खडकी, देहू रोड, असं लिहा, आणि युनिट कोणतं ते रेकॉर्डवर सोडा. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल आहे, म्हणजे सासूबाईंची फिजिओथेरपी आणि पोरीची थेरपी एकाच ठिकाणी राहून होते. अट एकच, सासूबाईंची नोंद आश्रित म्हणून झालेली हवी. त्याचं पुढे सांगतो. कोणी सुचवेल की पुण्यात मराठ्यांची १०१ टीए, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची बटालियन, आहे, कोल्हापुरात १०९ आहे, तिथे लावून घ्या. टीए म्हणजे घरची नोकरी असा गावात समज आहे. टीए बटालियन एम्बॉडी होऊन, म्हणजे पूर्णवेळ ड्युटीवर बोलावली जाऊन, काश्मीरलाही जाते, मग तुझा नवरा पुण्याच्या युनिटचा शिक्का घेऊन पुन्हा बर्फातच. म्हणून 'स्टॅटिक युनिट', म्हणजे एकाच जागी राहणारं युनिट, हे शब्द अर्जात असू देत.

इथे सीओ साहेब एक प्रश्न विचारतील आणि तो तुम्ही आधीच एकमेकांना विचारून ठेवलेला बरा. 'बायको-मुलांना पुण्यात एसएफ क्वार्टर घेऊन ठेव, तू फील्ड पूर्ण कर, चालेल का?' फील्डवरच्या जवानांच्या कुटुंबांसाठी ही क्वार्टर्स असतात, तुला माहीत आहे. प्रश्न रास्त आहे. पोस्टिंगपेक्षा क्वार्टर मिळणं सोपं, आणि त्यात पलटणीचा माणूस कमी होत नाही. तुझं खरं उत्तर काय आहे? नुसती पोरगी असती तर मी म्हटलं असतं, पोस्टिंगचा नाद सोड, क्वार्टरसाठी अर्ज कर आणि पुण्याला जा. शेकडो बायका असं करतात. तुझी अडचण अशी की सासूबाईंना कुशीवर वळवायलाही माणूस लागतं, त्यांना उचलून संडासापर्यंत न्यायचं काम एकट्या बाईचं नाही, आणि थेरपीच्या खोलीत पोरीजवळ तूच बसायला हवीस. त्या तासाला घरी कोण? अर्जाचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे. थेरपीचं वेळापत्रक आणि सासूबाईंची दिवसभराची उठबस एकाखाली एक लिहून काढ. दोन्ही एकाच वेळी येतात हे कागदावर दिसलं की दुसरं काही सांगायला लागत नाही.

आणि लिहून काढल्यावर तुम्हालाच वाटलं की क्वार्टर, दिराचा थोडा हातभार आणि पगारी बाई एवढ्यात भागतंय, तर तेच मागा. त्यात हरल्यासारखं काही नाही.

अर्ज कसा जातो तेही नीट समजून घे. तू तुझ्या सहीने लिहिलास, पण पोस्टिंगचा अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो. तो आधी प्लाटूनमध्ये बोलेल, मग कंपनीच्या सीनियर जेसीओंकडे, मग कंपनी कमांडर. तिथून ॲडज्युटंट, सुभेदार मेजर साहेब आणि सीओंचा इंटरव्ह्यू. सीओंचा शेरा पडला की केस बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात. यातली एकही पायरी गाळू नये. सुभेदार मेजर साहेबांना बाजूला ठेवून थेट सीओंसमोर उभा राहिलेला माणूस बरोबर असला तरी त्याची केस रेंगाळते. यात मला काही गैर वाटत नाही. सीओ त्यांनाच विचारणार आहेत, 'साब, ये लडका कैसा है?'

तुझं पत्र सोबत जोड, हवं तर मराठीत. मराठा पलटणीत मराठी वाचणारे कमी नाहीत. एकाच पानाचं, स्वतःच्या हातचं, कमांडिंग ऑफिसरांच्या नावाने. इकडे तिकडे दुसरं पत्र नको. दिल्लीला सेनाध्यक्षांना लिही, राष्ट्रपतींना लिही, पोर्टलवर टाक, असं सांगणारे भेटतील. ते पत्र फिरून फिरून त्याच सीओंच्या टेबलावर 'खुलासा करावा' म्हणून उतरतं. आता ते तुझी केस बघणार की खुलासा लिहिणार? सरळ रस्त्याने नकार आलाच, तर पुढे तक्रारीचे रस्ते आहेत. आर्मी ॲक्टच्या २६ व्या कलमात जवानाला ते दिले आहेत. ते नंतर बघू.

आमदारांचं पत्र तर मुळीच नको. ते देतील हसत हसत, पण बाहेरचा वशिला लावणं फौजेच्या शिस्तीत बसत नाही. पत्र पोचलं की केस मागे आणि नवरा चौकशीत पुढे, अशी गत होते. आणि 'रेकॉर्डमध्ये आपला माणूस आहे, एवढे एवढे द्या' म्हणणारा गावात कोणी आला तर त्याला माझ्याकडे पाठव. रेकॉर्डमधली कारकुनी केलेल्या माणसाशी त्याने जरा बोलून बघावं.

आता कागद. लोक रडून अर्ज लिहितात आणि केस अडते ती स्पेलिंगवर. तुझ्या पोरीचा पार्ट टू ऑर्डर निघालाय का, हे नवऱ्याला आजच विचार. लग्न झालं, मूल झालं, कोणी वारलं, की पलटणीत पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध होतो आणि तो रेकॉर्डला जातो. तो नसेल तर सरकारच्या लेखी ती पोरगी अजून जन्मलेलीच नाही, मग तिच्या कानाचं काय सांगणार? निघाला असेल तर त्यातलं नाव, जन्मदाखल्यातलं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून बघ. तुझ्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे असं मला आठवतं, ते खरं असेल तर आधी ते बदल. सासूबाईंची आश्रित म्हणून नोंद झाली आहे का तेही विचार, आणि त्यांचं नावही तसंच लावून बघ. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नातेवाइकांच्या यादीत, आईचं नाव 'सुमन' आणि रुग्णालयाच्या कागदावर 'सुमनबाई', एवढ्यावरून कागद परत आलेले मी पाहिलेत. कारकून छळतो म्हणून नव्हे. दोन नावं म्हणजे कदाचित दोन बायका, असं त्याला धरावंच लागतं.

पोरीचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घे. जिल्हा रुग्णालयात बोर्डासमोर न्यावं लागेल, अर्ज ऑनलाइन भरायचा. चाळीस टक्क्यांच्या वरचा शेरा असला की पुढच्या बऱ्याच गोष्टींना ते कार्ड चालतं, नुसतं पोस्टिंगला नाही. मिलिटरी हॉस्पिटलच्या स्पेशालिस्टचं मत मिळवता आलं तर सोन्याहून पिवळं. खासगी डॉक्टरचा कागद टाकून देत नाहीत, पण आपल्या हॉस्पिटलचा कागद वाचणाऱ्याला आपला वाटतो. डॉक्टरांना मात्र एक वाक्य मुद्दाम लिहायला सांग, की उपचार किती काळ लागतील. 'दीर्घकाळ' असं नको. दीड वर्ष, दोन वर्षं, त्यांना जे वाटेल ते, पण मुदत हवी. कम्पॅशनेट, म्हणजे घरच्या अडचणीसाठी दिलेली, पोस्टिंग कायमची नसते, ऑर्डरमध्ये तिचा शेवट लिहिलेला असतो. ज्या अर्जात अडचणीचाही शेवट दिसतो, तो मंजूर करणाऱ्याला हलका जातो.

या सगळ्यावरून अर्जाचा मधला भाग कसा व्हावा ते लिहून देतो. पलटणीचा क्लार्क ते हिंदी-इंग्रजीत करून घेईल:

'माझी मुलगी, वय तीन वर्षे, हिला जन्मतः दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. पुणे येथे तिची शस्त्रक्रिया ठरली असून त्यानंतर आठवड्यातून दोनदा थेरपी आवश्यक आहे. थेरपीच्या वेळी तिच्या आईने सोबत बसणे बंधनकारक आहे. माझी आई पक्षाघाताने अंथरुणावर असून तिला उचलण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज लागते. धाकटा भाऊ नवी मुंबईत माथाडी कामगार असून तो पैशाची मदत करतो, परंतु प्रत्यक्ष सांभाळ करू शकत नाही. पुणे परिसरातील स्टॅटिक युनिटमध्ये पोस्टिंग मिळाल्यास मी दोघींना क्वार्टरमध्ये एकत्र ठेवू शकेन. डॉक्टरांच्या मते उपचारास सुमारे दोन वर्षे लागतील. त्यानंतर मी पलटणीत परत येण्यास तयार आहे.'

बस. एक पान. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय आणि ते खरं असलं पाहिजे. गावाकडे आलेला माणूस परत जायचं नाव घेत नाही, आईचं आजारपण वाढवून वाढवून सांगतो, दाखल्यावर दाखले आणतो, हे रेकॉर्डने पुष्कळ पाहिलंय. अशा प्रत्येक खोट्या दाखल्याची किंमत पुढच्या खऱ्या माणसाला मोजावी लागते. तुझ्या आळीतच एकाने ते केलंय, नाव घेत नाही, तुला कळलं असेल.

बांधाचं काय, हे विचारशीलच. त्याची वाट वेगळी आहे. सीओंना त्याचा वेगळा अर्ज द्यायचा. ते जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांना डीओ लेटर, म्हणजे अर्धशासकीय पत्र, पाठवतात आणि त्या पत्राची दखल घेतली जाते. आधी मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे टाका, सातबारा आणि फेरफाराच्या ताज्या नकला काढा. दावा कोर्टात गेलाच तर १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा एक कायदा आहे. जवान खास परिस्थितीत, म्हणजे युद्धावर किंवा सरकारने तसं जाहीर केलेल्या भागात असेल, तर सीओंच्या दाखल्यावर कोर्ट काम थांबवतं, माघारी एकतर्फी निकाल होऊ देत नाही. वकिलाला हे माहीत असेलच असं नाही, तूच सांग. चुलत सासऱ्यांना हे नुसतं कानावर गेलं तरी कोरणं थांबतं, असा आपल्याकडचा अनुभव आहे.

केस मंजूर व्हायला महिने जातात. ऑपरेशन तेवढं थांबणार नाही. वर्षाची साठ दिवसांची एएल (वार्षिक रजा) आणि तीस दिवसांची सीएल (किरकोळ रजा) असते. ती सगळी आत्ताच गणपतीला आणि भावकीच्या लग्नाला उधळू नका. ऑपरेशनचे दिवस आणि मशीन चालू करायचे दिवस, एवढ्याला नवरा हवा. कंपनी कमांडरांना आधी तारखा कळवल्या तर रजेचा प्लॅन त्याप्रमाणे बसवतात. पोस्टिंग मिळत नसेल तर थोड्या मुदतीची पुण्यात ॲटॅचमेंट, म्हणजे तिथल्या युनिटला तात्पुरतं जोडून घेणं, मागता येते, तोही एक मधला मार्ग आहे.

तुझी मामेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि तिचा नवरा एअरफोर्समध्ये, तीही तुझ्याबरोबर हेच विचारत होती ना? तिला म्हणावं, तुझं गणित उलटं आहे. शिक्षकांच्या बदल्यांत सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्ग भाग १ मध्ये धरतात. नवऱ्याला हलवण्याच्या मागे लागण्यापेक्षा तिने स्वतःच्या बदलीचा फॉर्म नीट भरावा.

फोनवर परवा तुझ्या नवऱ्याने डिस्चार्जचा विषय काढला म्हणालीस. काहीही झालं तरी तो कागद लिहू देऊ नकोस. त्याची अकरा वर्षं झालीत. जवानाला पेन्शन बसते पंधरा वर्षांवर. आज नाव काढून घेतलं तर पेन्शनही गेली, आणि पोरीच्या मशीनला पुढे जन्मभर जो खर्च आहे, त्यासाठी मिलिटरी हॉस्पिटलचा दरवाजाही गेला. रागाच्या भरात सही केलेली माणसं मला पुढे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभी दिसली आहेत, आणि तिथे तर रजाही नसते. त्याच्या हवालदारीच्या केडरचंही विचारून घे. कधी लागणार आहे, बाहेर गेल्यावर पलटण बोलावणार का, बाहेरचे रिपोर्ट बढतीला कसे धरतात. पुण्याला आल्याने बढती थोडी मागे पडेल, पडू दे, पण ते दोघांनी ठरवून पत्करावं. दोन वर्षांनी 'तुझ्या नादाने माझी फीत राहिली' हे वाक्य घरात नको.

फोनचं एक सांगतो, भावकीतल्या सासऱ्याच्या अधिकाराने. त्याला जिथे रेंज मिळते तिथे तो ड्युटी उतरून चालत जातो. रोज 'अर्जाचं काय झालं' हा पहिला प्रश्न असू नये. त्याच्या हातात तेव्हा काहीच नसतं. रविवारी एकदा कागदांचं बोलणं करा, काय आलं, काय राहिलं, तारखा लिहून घ्या. बाकीचे दिवस पोरीने आज काय केलं ते सांग. पण सासूबाईंची तब्येत बिघडली तर लपवू नकोस. दुसऱ्याकडून कळलं की त्याचा तुझ्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास राहणार नाही.

मी बुधवारी साताऱ्याला हयातीच्या दाखल्याच्या कामाला जाणार आहे. सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकांची गाठ घेईन आणि आपल्या बाजूच्या गावांचा त्यांचा दौरा कधी आहे ते विचारून ठेवतो. तू पोरीचा जन्मदाखला, तुझं आणि सासूबाईंचं आधार, ऑडिओग्राम आणि पुण्याच्या डॉक्टरांचा कागद, सगळ्याच्या मूळ प्रती घेऊन सकाळच्या एसटीने ये. झेरॉक्स साताऱ्यातच काढू, इथल्या मशीनवर ऑडिओग्रामच्या रेघा काळ्या पडतात आणि किती डेसिबल ते वाचता येत नाही. दिराचा कागद तोवर आला नाही तरी चालेल, तो मागून पाठवता येतो.

सासूबाईंना नमस्कार सांग, लेकरांना आशीर्वाद.

तुझे,
सुभेदार आबा